अर्धवट चित्र दुसऱ्याला का दाखवायचं? चित्रकारांच्या एका जुन्या सवयीविषयी

माळा आवरताना एखाद्या खोक्यात, जुन्या वह्यांच्या खाली, वाळलेल्या रंगांची पेटी आणि कडा दुमडलेली चित्रकलेची वही सापडते. महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांना हे दृश्य ओळखीचं असेल. शाळेत एलिमेंटरी, पुढे इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. श्रेणी मिळाली, प्रमाणपत्र फाइलला लागलं आणि चित्र काढणं थांबलं ते थांबलंच.

का थांबलं असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "वेळच मिळत नाही." ते खोटं नसतं. पण मोबाइलवर तासभर जातो तिथे पंधरा मिनिटांचं रेखाटन का होत नाही, याचं उत्तर वेळेत सापडत नाही. ते बहुतेकदा दोन प्रश्नांत असतं. चित्र काढून दाखवायचं कोणाला? आणि दाखवलं तर लोक काय म्हणतील?

पुस्तकं, मासिकं आणि जाहिरातींसाठी चित्रं काढून पोट भरणाऱ्या इलस्ट्रेटरनाही हे प्रश्न चुकलेले नाहीत. त्यांचं काम एकट्याचं. घरात एका टेबलाशी बसायचं, ठरलेल्या तारखेला चित्र पाठवायचं, पुढचं काम घ्यायचं. संपादकाकडून उत्तर येतं ते "चालेल" किंवा "बदल करा" एवढंच. अशा कामात उमेद टिकवायला चित्रकारांनी एक साधी सवय लावून घेतली आहे. चित्र पूर्ण व्हायच्या आधीच, कच्चं असताना, ते एकमेकांना दाखवायचं आणि दुसऱ्याचं कच्चं काम आपण बघायचं.

या सवयीने नेमकं काय साधतं? आणि कधी कधी तिचा उलटा परिणाम का होतो? समजून घेऊया.

कच्चं काम म्हणजे नेमकं काय?

छापलेलं चित्र आपल्याला एका झटक्यात काढल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते तीन-चार टप्प्यांतून जातं.

समजा, एका चित्रकर्तीला मुलांच्या पुस्तकासाठी चित्र काढायचं आहे. एसटी स्टँडवर आजी आणि नातू गाडीची वाट बघत बसले आहेत. ती आधी आगपेटीएवढ्या चौकटींत पाच-सहा चिटुकली रेखाटनं करते. यांना थंबनेल म्हणतात. त्यात चेहरे नसतात, कपड्यांच्या चुण्या नसतात. आजीला कुठे बसवायचं, गर्दी किती दाखवायची, गाडी दिसू द्यायची की नाही, एवढंच ठरवायचं असतं. त्यातलं एक निवडून मोठ्या कागदावर पेन्सिलीने मांडणी होते. ते झालं रफ. मग पक्की रेघ किंवा शाई. शेवटी रंग.

आता समजा आजी चुकीच्या जागी बसली आहे. थंबनेलमध्ये तिला हलवायला अर्धं मिनिट पुरतं. रफमध्ये खोडरबर हातात घ्यावं लागतं. शाई झाल्यावर जीव हळहळतो. आणि जलरंग भरून झाले असतील तर बहुतेक वेळा नवा कागद घ्यावा लागतो. संगणकावर किंवा टॅबवर काम करणाऱ्यांना थोडी सवलत मिळते, पण तिथेही दोन दिवसांचं रंगकाम पुसायला हात धजावत नाही.

कच्चं काम दाखवण्याचं पहिलं कारण हे असं व्यवहारी आहे. चूक जितकी लवकर दिसेल तितकी ती स्वस्तात सुटते.

पण चूक स्वतःला का दिसत नाही? कारण चित्र काढणाऱ्याच्या डोक्यात ते आधीच पूर्ण झालेलं असतं. आजी नातवाकडे बघते आहे हे तिला माहीत असतं, त्यामुळे कागदावर आजी खांबाकडे बघत असली तरी ते जाणवत नाही. म्हणून चित्रकार डोळे किलकिले करून चित्र बघतात, ते उलटं धरतात, आरशात बघतात. ओळखीचं चित्र क्षणभर अनोळखी व्हावं यासाठी ही सगळी खटपट असते. दुसऱ्या माणसाला तसं काही करावं लागत नाही, कारण तो ते पहिल्यांदाच बघत असतो.

ही सवय इंटरनेटमुळे आली का?

नाही. ती बरीच जुनी आहे.

१७९९ मध्ये लंडनमध्ये थॉमस गर्टिन आणि त्याच्या काही तरुण चित्रकार मित्रांनी एक रेखाटन मंडळ सुरू केलं. आळीपाळीने एकेकाच्या घरी संध्याकाळी जमायचं. यजमानाने कागद-रंग द्यायचे. एखाद्या कवितेतला उतारा वाचला जायचा आणि त्यावर सगळ्यांनी तिथेच बसून चित्र काढायचं. झालेली चित्रं यजमानाकडे राहायची. विषय एक, वेळ तीच, आणि तरी प्रत्येकाचं चित्र वेगळं. दुसऱ्याने तोच उतारा कसा बघितला हे त्याच बैठकीत कळायचं. काही वर्षांनी, १८०८ मध्ये, लंडनमध्येच दुसऱ्या एका मंडळाने अशाच बैठका सुरू केल्या आणि त्या चाळीसहून अधिक वर्षं चालल्या.

समोरासमोर जमणं शक्य नसेल तर पत्रं होती. ऑक्टोबर १८८८ मध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉग फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल गावी आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र काढत होता. ते सुरू असतानाच त्याने पत्रात छोटं रेखाटन करून भाऊ थिओला पाठवलं. लगेच तसंच एक रेखाटन मित्र पॉल गोगँ यालाही पाठवलं. कोणता रंग कुठे आहे हे शब्दांत लिहिलं. त्याच सुमारास त्याच्या आग्रहावरून गोगँ आणि एमिल बर्नार या दोघांनी स्वतःची व्यक्तिचित्रं काढून त्याला पाठवली. दोघांनीही स्वतःच्या चित्रात मागे भिंतीवर दुसऱ्याचं छोटं चित्र काढलं होतं. व्हिन्सेंटने गोगँला स्वतःचं व्यक्तिचित्र पाठवून परतफेड केली. त्या काळात त्याची चित्रं जवळपास कोणी विकत घेत नव्हतं. काम पुढे चालू ठेवायला ही देवघेव त्याला फार मोलाची वाटत होती, हे त्याच्या पत्रांतून जागोजागी दिसतं.

आपल्याकडचं ठळक उदाहरण मुंबईचं. १९४७ मध्ये फ्रान्सिस न्यूटन सूझा, एस. एच. रझा, एम. एफ. हुसेन, के. एच. आरा, एच. ए. गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे हे सहा जण 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' म्हणून एकत्र आले. सूझा मूळचे गोव्याचे, हुसेन सिनेमाची पोस्टर रंगवून पोट भरलेले, तर आरा यांनी पडेल ती कामं करत चित्रकला चालू ठेवली होती. एकाची शैली दुसऱ्यासारखी नव्हती. त्याच काळात मुंबईत राहणारे ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांच्या घरी रविवारी चित्रकार जमत आणि चित्रांवर बोलणं होई. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, रझा १९५० मध्ये पॅरिसला. गट फार काळ टिकला नाही. पण सुरुवातीची, सर्वांत अवघड वर्षं त्यांनी एकेकट्याने काढली नाहीत.

आज हे कसं चालतं?

आजचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे 'अर्बन स्केचर्स'. गॅब्रिएल कँपानारिओ हा मूळचा स्पेनचा पत्रकार आणि चित्रकार अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरात आला. नवं शहर समजून घ्यायला तो ते रेखाटत फिरू लागला. २००७ मध्ये त्याने फ्लिकर या फोटोंच्या साइटवर अशी चित्रं काढणाऱ्यांचा एक गट सुरू केला. त्यातून पुढे संस्था उभी राहिली, २०१० मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये पहिलं संमेलन भरलं आणि आज जगभर शेकडो शहरांत तिचे गट आहेत. मुंबई-पुण्यातही अशी मंडळी सुट्टीच्या दिवशी एखाद्या जुन्या वाड्यासमोर, बाजारात किंवा घाटावर वह्या घेऊन बसलेली दिसतात.

त्यांचे नियम मोजके आहेत. जागेवर बसून, समोर दिसतं ते काढायचं. साहित्य कुठलंही चालेल. एकमेकांना साथ द्यायची, एकत्र काढायचं, काढलेलं दाखवायचं. शेवटी सगळे आपापल्या वह्या जमिनीवर किंवा कट्ट्यावर ओळीने उघडून ठेवतात आणि भोवती उभे राहून बघतात. त्यात वीस वर्षं चित्रं काढणाऱ्याची वही असते आणि आजच पहिल्यांदा आलेल्या बँक कर्मचाऱ्याचीही. कोणी गुण देत नाही.

याच धर्तीवर २००४ मध्ये पिक्सार स्टुडिओतला चित्रकार एन्रिको कासारोसा याने 'स्केचक्रॉल' सुरू केलं होतं. एकाच दिवशी जगभर ठिकठिकाणी लोकांनी दिवसभर भटकत रेखाटनं करायची आणि नंतर एकमेकांना दाखवायची, अशी ती कल्पना. २००९ मध्ये जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने शाईकामावर हात बसावा म्हणून ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र काढायचं ठरवलं. त्याला नाव दिलं 'इंकटोबर'. आता दर ऑक्टोबरला जगभरातले असंख्य लोक ३१ दिवसांचा हा नेम धरतात. बरेच जण दहाव्या-बाराव्या दिवशी गळतातही. पण त्या दहा दिवसांत दहा चित्रं झालेली असतात.

दाखवल्याने सराव का टिकतो?

तालमीला जाणाऱ्यांना हे लगेच कळेल. घरी एकट्याने जोर-बैठका काढायला कोणी अडवलेलं नसतं, तरी त्या होत नाहीत. तालमीत जोडीदार वाट बघत असतो म्हणून पाय निघतो. चित्राचंही तसंच आहे. रविवारी सकाळी आठ वाजता चौघं जण वहीसकट येणार आहेत म्हटल्यावर शनिवारी रात्री पेन्सिलीला टोक केलं जातं.

दुसरं कारण भीतीशी संबंधित आहे. आपण इतरांची चित्रं बघतो ती पूर्ण झालेली, निवडलेली, फ्रेममधली. स्वतःची मात्र सगळीच बघतो, फसलेलीसुद्धा. ही तुलना मुळातच अन्यायाची आहे. एखाद्या कसलेल्या चित्रकाराच्या वहीत पानभर बिघडलेले हात दिसले की नवख्याला वाटतं, अरे, यांचेही बिघडतात! हा दिलासा दहा भाषणांनी मिळत नाही. म्हणून अनुभवी माणसाने स्वतःचं फसलेलं पान दाखवणं ही नवख्यांसाठी मोठी मदत असते.

तिसरं कारण शिकण्याचं. पूर्ण चित्रात आधीचे टप्पे झाकले जातात. पेन्सिलीच्या रेघा पुसल्या जातात, पहिल्या रंगावर दुसरा चढतो. कच्च्या कामात ते सगळं उघडं असतं. आधी कुठला रंग लावला, पांढरा भाग कसा राखला, माप कसं घेतलं, हे बघून जितकं कळतं तितकं तयार चित्र बघून कळत नाही. ज्यांना कलाशाळेत जाता आलं नाही त्यांच्यासाठी हीच शाळा असते.

मग भरपूर शाबासकी द्यावी का?

इथे गोष्ट थोडी गुंतागुंतीची होते.

१९७३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, आणि तोही चित्र काढण्यावरच. तीन ते पाच वर्षांची, आपणहून रंगीत पेनांनी चित्रं काढणारी मुलं त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर छान बक्षीस, सोनेरी शिक्का आणि रिबन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी अचानक तेच बक्षीस दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा ते पेन ठेवले आणि कोण किती वेळ चित्र काढतं ते लपून पाहिलं. बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती.

म्हणजे बक्षीस मिळण्याने बिघडलं नाही. बक्षिसासाठी काढण्याने बिघडलं.

१९७९ मध्ये तेरेसा अमाबिले यांनी विद्यार्थिनींना कागदाची कोलाज करायला दिली. काहींना सांगितलं होतं की तुमच्या कामाचं मूल्यमापन होणार आहे. नंतर चित्रकारांनी सगळी कोलाज पाहिली, तेव्हा मूल्यमापनाची धास्ती असलेल्या मुलींचं काम एकंदरीत कमी कल्पक ठरलं. अपवाद होता तो ज्यांना नेमकं काय आणि कसं करायचं हे स्पष्ट सांगितलं होतं त्यांचा.

यावरून कौतुक वाईट असतं असा निष्कर्ष काढायची घाई नको. १९९९ मध्ये एडवर्ड डेसी आणि सहकाऱ्यांनी अशा १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसांनी आवड कमी होते, असं त्यात दिसलं. तोंडी कौतुकाने मात्र, निदान मोठ्यांच्या बाबतीत, आवड वाढताना दिसली. अट एकच, त्या कौतुकातून काही कळलं पाहिजे. दबाव टाकणारं कौतुक, "आता दर वेळी असंच आलं पाहिजे" अशा थाटाचं, ते काम करत नाही.

आपल्याकडे इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. त्या परीक्षांमुळे हजारो मुलांच्या हातात ब्रश येतो, हे त्यांचं श्रेय मोठं आहे. पण परीक्षा संपल्यावर काढायचं कशासाठी, हा प्रश्न उरतोच. गुण हे उत्तर दहावीला संपतं. चार माणसं, एक वही आणि दर रविवार, हे उत्तर चाळिशीतही चालतं.

आणि कठोर टीका?

चित्रकारांच्या इतिहासात याची एक चटका लावणारी गोष्ट आहे, आणि ती पुन्हा व्हॅन गॉगचीच.

अँथन व्हॅन रॅपार्ड हा त्याचा चित्रकार मित्र. १८८० मध्ये ब्रसेल्सला ओळख झाली. पाच वर्षं दोघं एकमेकांना पत्रं लिहीत, छापील चित्रं उसनी देत-घेत, कामाविषयी बोलत. १८८५ च्या वसंतात व्हिन्सेंट 'बटाटे खाणारे' या आपल्या मोठ्या चित्रावर काम करत होता. त्याने त्याच विषयाचं एक शिळाछाप चित्र आठवणीतून, घाईने केलं आणि त्याची प्रत रॅपार्डला पाठवली.

रॅपार्डचं उत्तर आलं ते एकेक चूक मोजणारं होतं. हात चुकले, नाकं चुकली. आणि वर, असं काम करून मोठ्या चित्रकारांची नावं घेतोस तरी कशी, असा सूर. व्हिन्सेंटने ते पत्रच रॅपार्डला परत पाठवलं. नंतर काही महिने दोघांत पत्रं झाली, पण तुटलेलं सांधलं नाही. त्याच वर्षी मैत्री संपली.

रॅपार्डने दाखवलेल्या सगळ्या चुका खोट्या नव्हत्या. मग चुकलं काय? त्याने काम कुठल्या टप्प्यावरचं आहे हे पाहिलं नाही, मित्राला त्यातून काय साधायचं होतं ते विचारलं नाही आणि चित्रावरची टीका माणसावर नेली. व्हिन्सेंटला बटाटे खाणाऱ्या शेतकऱ्यांचे राबलेले, खडबडीत हात हवे होते. रॅपार्ड मोजत होता शरीररचना. दोघं दोन वेगळ्या चित्रांबद्दल बोलत होते.

मग नेमकं बोलायचं काय?

पिक्सार स्टुडिओत अ‍ॅनिमेटर रोज आपलं अपुरं काम दिग्दर्शकाला आणि सहकाऱ्यांना दाखवतात. शिवाय सिनेमा तयार होत असताना काही जाणते दिग्दर्शक आणि लेखक तो वेळोवेळी बघून मोकळेपणाने बोलतात. या मंडळींना 'ब्रेनट्रस्ट' म्हणतात. स्टुडिओच्या संस्थापकांपैकी एक, एड कॅटमल, यांनी या पद्धतीविषयी सविस्तर लिहिलं आहे. तिची मेख अशी की ब्रेनट्रस्टला हुकूम देण्याचा अधिकार नसतो. अडचण कुठे आहे ते त्यांनी सांगायचं. ती कशी सोडवायची, किंवा सोडवायची की नाही, हे सिनेमाचा दिग्दर्शक ठरवतो. निर्णय आपल्याच हातात आहे म्हटल्यावर माणूस टीका ऐकून घेऊ शकतो.

हे चार जणांच्या गटातही जमतं. आपल्या एसटी स्टँडवरच्या आजीकडे परत जाऊ. चित्रकर्तीने रफ दाखवलं. तिला तीन प्रकारची उत्तरं मिळू शकतात.

"वा, मस्तच!" यात प्रेम आहे, माहिती नाही. ती खूश होईल, पण उद्या काय करायचं हे तिला कळणार नाही.

"आजी जमली नाही." यात निकाल आहे, माहिती नाही. ती कागद बाजूला ठेवील.

"ताई, नातवाची पिशवी घट्ट धरायची पद्धत बघून हसू आलं. पण आजी गाडीकडे बघतेय की त्याच्याकडे, ते मला कळलं नाही." हे उत्तर उपयोगाचं आहे. काय पोचलं ते आधी सांगितलं, काय पोचलं नाही ते नंतर, आणि दोन्ही स्वतःच्या नजरेतून. मान कशी वळवायची हे तिचं ती बघेल.

दाखवणाऱ्यानेही थोडी जबाबदारी घ्यायची असते. "कसं वाटलं?" असा मोघम प्रश्न विचारला की मोघमच उत्तर येतं. त्याऐवजी टप्पा सांगावा आणि नेमकं विचारावं. "हे रफ आहे, रंगांचं आत्ता नको. नजर आधी कुठे जाते तेवढं सांगा." आणि कधी कधी काहीच ऐकायचं नसतं. "आज फक्त दाखवतोय" असं म्हणायलाही हरकत नाही. तेही सगळ्यांनी पाळायचं.

सगळं सगळ्यांना दाखवावं का?

नाही. कच्चं काम मोजक्या माणसांना दाखवणं आणि ते जगासमोर टाकणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

समाजमाध्यमांवर टाकलेल्या चित्राला लाइक मिळतात. लाइक म्हणजे एका अर्थी त्या बालवाडीतला सोनेरी शिक्काच. कशाबद्दल मिळाला हे कळत नाही, पण पुढच्या वेळी त्याची वाट बघितली जाते. जे चित्र चाललं तसंच पुन्हा काढावंसं वाटतं आणि जे शिकायचं होतं ते राहून जातं. तिथे टाकू नये असं नाही; अनेकांना कामं तिथूनच मिळतात. पण सरावाची वही आणि दुकानाची काच वेगळी ठेवलेली बरी.

व्यावसायिक कामात आणखी एक काळजी घ्यावी लागते. पुस्तक किंवा जाहिरात प्रसिद्ध होण्याआधी त्यातलं काही दाखवायला करारात मनाई असू शकते. कच्चं रेखाटनही त्यात येतं. आधी विचारलेलं चांगलं.

चोरीची भीतीही खरी आहे. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढलं गेलं की त्याला संरक्षण मिळतं, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. मात्र हे संरक्षण प्रत्यक्ष चित्राला असतं, नुसत्या कल्पनेला नाही. 'स्टँडवरची आजी' ही कल्पना कोणीही वापरू शकतं. म्हणून जी कल्पना जपायची आहे ती अगदी थंबनेलच्या अवस्थेत जाहीर करू नये. तारखा असलेली कच्ची रेखाटनं मात्र जपून ठेवावीत. चित्र कोणाचं यावर पुढे वाद झालाच तर तीच उपयोगी पडतात.

आता यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. इंटरनेटवरची चित्रं न विचारता गोळा करून चित्र बनवणारी मॉडेल शिकवली गेली, अशी जगभरच्या चित्रकारांची तक्रार आहे. आपली शैली अशा मॉडेलना सहज उचलता येऊ नये म्हणून शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये 'ग्लेझ' नावाचं मोफत साधन आणलं. ते चित्रात डोळ्यांना फारसे न जाणवणारे बदल करतं. असे उपाय कायमचे पुरतील याची खात्री नसते. त्यामुळे अनेक चित्रकार जगजाहीर ठिकाणी लहान आकाराची चित्रं टाकतात आणि कच्चं काम ओळखीच्या माणसांपुरतं ठेवतात. चौघांच्या जुन्या बैठकीचं महत्त्व त्यामुळे उलट वाढलं आहे.

सुरुवात कशी करायची?

माणसं दोन असली तरी पुरतात. सहाच्या वर नकोत. दिवस आणि वेळ ठरवून टाका. "जमेल तेव्हा भेटू" म्हटलं की भेट होत नाही.

वेळ कमी ठेवा. वीस मिनिटं काढायचं, दहा मिनिटं दाखवायचं. वीस मिनिटांत चित्र पूर्ण होत नाही, म्हणूनच ही वेळ चांगली. सगळ्यांचंच अर्धवट राहतं, त्यामुळे कोणालाच लाज वाटत नाही.

विषय समोरचाच घ्या. ओट्यावरचा कुकर, दारातल्या चपला, स्टॉपवर उभी माणसं. एकाच चपलेची चार चित्रं शेजारी ठेवली की बोलायला आपोआप काहीतरी सुचतं.

पान फाडायचं नाही, हा नियम सगळ्यांनी पाळा. महिन्याने पहिलं पान उघडून आजच्या पानाशेजारी ठेवा. इतरांच्या चित्राशी तुलना करण्यापेक्षा ही तुलना बरी, आणि तुम्हाला न दिसलेला फरक शेजारचा माणूस दाखवून देईल.

जो दोन आठवडे आला नाही त्याला "का आला नाहीस?" असं विचारू नका. "या रविवारी पर्वतीच्या पायथ्याशी बसतोय, ये" एवढंच कळवा. बहुतेक लोक चित्र सोडतात ते कंटाळून नव्हे. एकदा खंड पडला की परत कसं जायचं या संकोचाने सोडतात.

आणि माळ्यावरच्या त्या खोक्यातल्या रंगांचं काय? वडीचे जलरंग कितीही वाळले तरी पाण्याच्या थेंबाने पुन्हा ओले होतात. पोस्टर कलर बाटलीत कडक झाले असतील तर ते टाकून द्या. पेन्सिल मात्र तीच चालेल, फक्त टोक करून घ्या.